जुनी जॅग्वार 'किती देते?'

तुझं म्हणणं थोडक्यात असं: पुण्याहून इंग्लंडला येऊन तीन वर्षं झाली, राहायला लेमिंग्टन स्पाला, नोकरी गेडनला. १९९९ सालची चार लिटरची जॅग्वार एक्सके८ कूपे बघून ठेवली आहेस. ८२ हजार मैल झालेत, मालक सात हजार पौंड मागतोय. रोजचं जाणं-येणं वीस मैल, शिवाय महिन्यातून एकदा हॅरोला मावशीकडे. आणि प्रश्न एकच, आपल्याकडे स्कूटरपासून ट्रकपर्यंत सगळ्यांना विचारतात तोच: काका, किती देते? बायको म्हणते पेट्रोलमध्ये घर विकावं लागेल.

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. कोव्हेंट्रीत दोन रॅम्पचं गॅरेज चालवून मला एकवीस वर्षं झाली. त्याआधीचं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वडिलांच्या लेथवर. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत निम्म्या जुन्या जॅग्वार असतात, आणि त्यांतल्या निम्म्यांचे मालक पहिल्या भेटीत ॲव्हरेजच विचारतात. दुसऱ्या भेटीत कोणी विचारत नाही. तोवर त्यांना कळलेलं असतं की पेट्रोल हा या गाडीचा सगळ्यात सरळ आणि प्रामाणिक खर्च आहे. तो आधी सांगून येतो. बाकीचे न सांगता येतात.

तरी विचारलंयस तर आधी तेच सांगतो.

इथे ॲव्हरेज गॅलनला किती मैल असं सांगतात. इथलं गॅलन ४.५४६ लिटरचं, अमेरिकेचं ३.७८५ चं. इंटरनेटवर अमेरिकन मालकांचे आकडे वाचून घाबरू नकोस, ते तेवढ्यानेच कमी दिसतात. माझ्या हाताखालून गेलेल्या चार लिटरच्या धडधाकट एक्सके८ गाड्या शहरात गॅलनला १५ ते १७ मैल देतात, म्हणजे लिटरला साडेपाच-सहा किलोमीटर. मोटरवेवर ताशी ७० मैलांनी सरळ धरलं तर २७-२८, एखादी वारा पाठीशी असलेल्या दिवशी ३० सुद्धा दाखवते. म्हणजे लिटरला दहाच्या आसपास. मिश्र वापराला २१-२२ धर. सुमारे १,६०० किलोंची गाडी, आठ सिलिंडर, २९० अश्वशक्ती, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं तंत्र. यात तक्रारीला जागा नाही. मोटरवेवर ती इतकं देते याचं कारण पाचवा गियर लांब आहे: सत्तरला इंजिन जेमतेम २,२०० च्या आसपास फिरत असतं, झोपेतच म्हण ना. तेच ऐंशीला नेलंस की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, साधारण तीस टक्के जास्त, आणि काटा डोळ्यांदेखत खाली येतो. गियरच्या बाजूचं स्पोर्टचं बटण रोज दाबून ठेवलंस तर शहराचा आकडा आणखी पडेल, कारण गियरबॉक्स वरचा गियर घ्यायलाच तयार नसतो.

आता तुझा हिशेब. रोजचे वीस मैल, सुट्ट्या वगळून वर्षाचे साडेचार हजार. हॅरोच्या बारा खेपा, साधारण दोन हजार. इकडचं-तिकडचं धरून सात हजार मैल म्हणू. २२ च्या ॲव्हरेजने ते ३१८ गॅलन, सुमारे १,४५० लिटर. लिटरला १ पौंड ३५ पेन्स धरले तर वर्षाला १,९५० पौंडांच्या आसपास. तुझी आत्ताची छोटी हॅचबॅक ४५ देत असेल तर तिला याच रस्त्यावर ९५५ पौंड लागतात. फरक हजाराचा, महिन्याला ८०-८५ पौंडांचा. घर विकायची गरज नाही, हे वहिनींना सांग. पण हे सगळं सांगणं नव्हे. पुढचं मी सांगतो ते त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

गाडीच्या पडद्यावरच्या ट्रिप कॉम्प्युटरवर भरवसा ठेवू नकोस. तो एक-दोन मैल चढवून सांगतो असाच माझा अनुभव. टाकी काठोकाठ भर, मैल लिहून ठेव, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भर आणि भागाकार कर. असं तीन वेळा केल्यावर जो आकडा येईल तो तुझ्या गाडीचा. विकणारा ट्रिप कॉम्प्युटरचा फोटो पाठवत असेल तर तो आदल्या दिवशी रीसेट करून मोटरवेवर फिरवून आणलेला असू शकतो.

'घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं' ही म्हण या इंजिनाला तंतोतंत लागू आहे. लांबच्या पल्ल्याने ही गाडी थकत नाही, दोन-दोन मैलांच्या खेपांनी थकते. गार इंजिनाला संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल पाजतो. पाणी आणि साडेसहा लिटर ऑइल तापेपर्यंत हिवाळ्यात चार मैल सहज जातात. तुझं ऑफिस दहा मैलांवर आहे ते ठीक आहे, निदान अर्ध्याहून जास्त वाट ती गरम धावेल. पण शनिवारी सकाळी दूध आणायला ही गाडी काढलीस तर त्या खेपेला ११-१२ चाच हिशेब लागेल. शिवाय ऑइलमध्ये पाणी आणि कच्चं पेट्रोल साचणार, एक्झॉस्ट आतून गंजणार. दुधाला सायकल.

आणि एखादी गाडी २२ ऐवजी १५ देत असेल तर ती खादाड नाही, आजारी आहे. मागच्या वर्षी एक गृहस्थ आले, म्हणाले मोटरवेवर सुद्धा १७ च्या वर जात नाही, विकून टाकतो. मी गाडी रॅम्पवर घेण्याआधी चारही चाकांजवळ हात नेला. मागचं डावं चाक हात लावू देईना, इतकं तापलेलं. कॅलिपर अडकून ब्रेक सदोदित घासत होता. वर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला, त्यामुळे इंजिन कधी पूर्ण तापतच नव्हतं आणि जन्मभर गार असल्यासारखं पेट्रोल पीत होतं. कॅलिपर, थर्मोस्टॅट, हवेच्या नळीतली चीर आणि टायरमधली हवा, एवढंच केलं. पुढच्या महिन्यात गृहस्थांनी २५ चा आकडा लिहून पाठवला. याखेरीज जुने झालेले ऑक्सिजन सेन्सर, हवा मोजणाऱ्या सेन्सरवरची धूळ, आणि प्लगच्या खड्ड्यात झिरपलेलं ऑइल हे नेहमीचे चोर. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट कडक झालं की ऑइल प्लगच्या खड्ड्यात उतरतं, कॉइल बिघडते, एक सिलिंडर अधूनमधून चुकतो. आठांतला एक चुकला तर नव्या मालकाला कळतही नाही. फक्त पंपावर कळतं.

पेट्रोल कुठलं घालायचं यावर इथले लोक तासन् तास वाद घालतात. या इंजिनाला साधं ९५ चालतं. ई१० म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल इथे २०२१ च्या सप्टेंबरपासून सर्रास आहे, आणि जॅग्वारने १९९२ पासूनच्या आपल्या पेट्रोल गाड्यांना ते चालतं असं सांगितलेलं आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेजमध्ये फरक पडतो तो एखाद-दोन टक्क्यांचा. त्यासाठी लिटरमागे बारा-पंधरा पेन्स जास्त देऊन महागडं ई५, म्हणजे पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, पेट्रोल घ्यावं असं मला वाटत नाही. गाडी दोन-तीन महिने उभी ठेवणार असशील तर मात्र शेवटची टाकी ई५ ची भर, कारण इथेनॉल ओलावा ओढतं.

आता चार आण्यांच्या कोंबडीचा बारा आण्यांचा मसाला.

ही गाडी १९९६ साली आली तेव्हा तिचं व्ही-८ इंजिन अगदी नवं होतं. बनायचं वेल्समध्ये ब्रिजेंडला, फोर्डच्या कारखान्यात, आणि गाडी जोडली जायची इथे कोव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेनला. (तो कारखाना पाडून त्या जागी घरं झाली. तिथून जाताना मला अजून चुकल्यासारखं होतं.) इंजिन उत्तम, पण तीन ठिकाणी प्लॅस्टिकवर विश्वास टाकला आणि तिथेच घात झाला. वरच्या, कॅमशाफ्टकडच्या टायमिंग चेनच्या टेन्शनरचं, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या भागाचं, अंग प्लॅस्टिकचं. ते वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतं, तडकतं, चेन ढिली पडून दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तिथे सात हजारांची गाडी एका सेकंदात भंगार. पाण्याच्या पंपाचा पंखा प्लॅस्टिकचा; तो तुटला की इंजिन तापतं आणि हेड वाकतं. थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं. त्याला चीर जाते. तिन्हींचे सुधारलेले भाग कधीचे मिळतात. टेन्शनर तर धातूच्या अंगाचे येतात. १९९९ च्या गाडीत ते आधीच बदललेले असायला हवेत. 'असतील बहुतेक' हे उत्तर चालणार नाही. पावती हवी, पावतीवर तारीख आणि मैल हवेत. पावती नसेल तर व्हॉल्व्ह कव्हर उघडून डोळ्यांनी बघायचं, अर्ध्या तासाचं काम आहे. वरचे दोन टेन्शनर बदलायला मी सहाशेच्या आसपास घेतो. पुढचं सगळं उघडून खालच्या चेनसकट करायचं तर दीड हजार आणि वर.

निकासिलचं भूतही कोणीतरी तुला दाखवेलच. २००० च्या उन्हाळ्यापर्यंतच्या या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतींवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप होता आणि त्या काळच्या गंधकवाल्या पेट्रोलने तो खाल्ला. कित्येक इंजिनं वॉरंटीतच बदलली गेली. तुझी १९९९ ची, म्हणजे त्याच काळातली. पण इथल्या पेट्रोलमध्ये आता गंधक जवळपास राहिलेलंच नाही. जे इंजिन इतकी वर्षं टिकलंय ते निकासिलने आता मरणार नाही. कॉम्प्रेशन तपासून घे, आकडे आठही सिलिंडरांत सारखे आले की विषय संपला. मला या भुतापेक्षा गियरबॉक्सची जास्त काळजी वाटते. झेडएफ या जर्मन कंपनीचा पाच गियरचा ऑटोमॅटिक आहे, आणि गाडीसोबत 'यात ऑइल आयुष्यभराचं' असं सांगितलं गेलं. कोणाचं आयुष्य, ते नाही सांगितलं. झेडएफ स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरांच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत ऑइल बदला म्हणतं. ८२ हजार मैल म्हणजे एक लाख तीस हजार किलोमीटर. ऑइल कधीच बदललेलं नसेल तर साडेतीनशे पौंड लगेच बाजूला काढ. गियरबॉक्स उघडायची वेळ आली तर ते दोन हजारांच्या पुढे जातं.

बाकीच्या गोष्टी पटापट. पुढच्या शॉकॲब्झॉर्बरच्या वरच्या रबरी-फोमच्या बुशा चुरा होतात. खड्ड्यातून जाताना पुढून ठोका ऐकू आला तर त्याच. बुश स्वस्त, मजुरी थोडी. मूळ चाकं सतरा इंचांची असतील तर टायर २४५/५०, चार चांगले टायर साडेपाचशे ते सातशे. कोणी अठराची, वीसची चाकं चढवली असतील तर त्यापेक्षा जास्त, आणि ॲव्हरेजही खाली. टायरवरून मालक ओळखता येतो: चार चाकांना चार वेगळी, नाव न ऐकलेली टायर असतील तर त्या माणसाने ऑइलही वेळेवर बदललेलं नाही, असं समजून चाल. गंज मात्र सावकाश बघ. मागच्या चाकांच्या कमानी, दाराखालचा उंबरा, पुढच्या पायाखालची जमीन. पुण्याच्या गाडीला गंज हा शोभेचा प्रश्न असतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि गंजलेली गाडी एमओटीत, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, सरळ नापास होते. इंजिनाचं काम मोजता येतं, वेल्डिंगचं मोजता येत नाही. उचकटत जाल तसं वाढतं. गंजाने पोखरलेली एक्सके८ मी मित्राला फुकटही घेऊ देणार नाही. कूपे बघतोयस ते बरं केलंस. उघड्या टपाच्या गाडीत छताचा हायड्रॉलिक पाइप आरशाच्या वर फुटतो आणि चालवणाऱ्याच्या डोक्यावर हिरव्या तेलाचा अभिषेक होतो.

भाग मिळतील का, ही काळजी करू नकोस. इंजिन आणि गियरबॉक्स त्याच काळातल्या एक्सजे८ सेडानमध्येही आहेत, आणि त्या भंगारात भरपूर आल्या. तुला गंमत वाटेल, २००८ पासून जॅग्वार टाटांची. इथल्या बऱ्याच म्हाताऱ्या मेकॅनिकांना तेव्हा वाटलं होतं आता जुन्या गाड्यांचे भाग बंद. तसं झालं नाही.

सरकारी खर्चात तुझी निवड नकळत शहाणपणाची आहे. १ मार्च २००१ च्या आधी नोंदलेल्या गाडीला रस्ता कर इंजिनाच्या आकारावर लागतो: २०२५-२६ च्या दराने वर्षाला ३६० पौंड. त्यानंतरच्या गाडीला कार्बनवर, पण २३ मार्च २००६ च्या आधी नोंदली असेल तर ४३० ला थांबतो. त्याच्या पुढची, नव्या आकाराची एक्सके ४.२ घेतलीस तर ७६०. नव्या गाडीच्या मोहात पडलेले कितीतरी लोक हा आकडा घरी गेल्यावर बघतात. एमओटीची फी जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स.

हॅरोची मावशी मात्र महाग पडू शकते. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो उलेझमध्ये, म्हणजे कमी धुराच्या झोनमध्ये आहेत, निकषात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. मुक्काम केलास आणि दुसऱ्या दिवशीही गाडी हलवलीस तर दोनदा. पेट्रोल गाडीला निकष युरो ४ चा, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड किलोमीटरला ०.०८ ग्रॅमच्या आत. तो नियम येण्याआधीच्या काही एक्सके८ सुद्धा त्यात बसतात, काही बसत नाहीत. दिसायला जुळ्या असलेल्या दोन गाड्यांची उत्तरं वेगळी येतात. लंडनच्या वाहतूक खात्याच्या पानावर नंबर टाकून आजच बघ. बर्मिंगहॅमच्या मध्यभागालाही २०२१ पासून तसाच झोन आहे, आठ पौंडांचा. नंबर टाकायचं पान वेगळं.

विम्याचं मला सांगता येणार नाही, तुझं वय आणि इथल्या लायसन्सची वर्षं त्यात मोजली जातात. पण नेहमीची पॉलिसी घेण्याआधी जुन्या गाड्यांच्या मर्यादित मैलांच्या पॉलिसीचा भाव विचार, आणि किंमत आधी ठरवून लिहून घे. नाहीतर मागून कोणी धडकलं की कंपनी कागदावर तुझी गाडी तीन हजारांची करते. आणि नंतर पुण्याला न्यायचं म्हणतोयस ते डोक्यातून काढ: तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आणू देत नाहीत.

आता बेरीज. पेट्रोल १,९५०. कर आणि एमओटी ४१५. ऑइल, फिल्टर, ब्रेक, टायरचा वर्षाचा वाटा, सहाशे. वर दुरुस्तीसाठी म्हणून हजार ते दीड हजार दरवर्षी वेगळ्या खात्यात. ज्या वर्षी लागणार नाहीत त्या वर्षीही काढायचे नाहीत, कारण पुढच्या वर्षी अडीच हजार लागतील. विमा सोडून चार ते साडेचार हजार झाले. मैलाला सत्तावन्न ते चौसष्ट पेन्स, त्यातलं पेट्रोल अठ्ठावीस. म्हणून म्हणतो, २२ ऐवजी २४ देणारी गाडी शोधण्यात अर्थ नाही. त्या दोन मैलांचे वर्षाला एकशे साठ-पासष्ट पौंडच वाचतात. तेवढ्यात टेन्शनरच्या पावतीची एक बाजू सुद्धा येत नाही. सात हजारांची बिनफायलीची गाडी आणि साडेआठ हजारांची जाडजूड फायलीची गाडी समोर असेल तर मी डोळे मिटून दुसरी घेतो.

आणि दारात दुसरी गाडी राहू दे. हॅचबॅक विकून ही एकच ठेवणार असशील तर माझं उत्तर नाही असं आहे. भागासाठी ही चार दिवस रॅम्पवर उभी राहिली की तू भाड्याच्या गाडीने ऑफिसला जाणार, तो खर्च माझ्या वरच्या बेरजेत नाही. उलट, महिना-महिना उभी ठेवलीस तरी वांधे. डिकीतली बॅटरी उतरते आणि मग पडद्यावर असे असे इशारे येतात की नवा माणूस टो-ट्रक बोलावतो. उभी ठेवायची तर ट्रिकल चार्जर लाव.

नंबर मिळालाय ना? मग जायच्या आधी सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास काढ, फुकट आहे. २००५ च्या आसपासपासूनची प्रत्येक तपासणी, प्रत्येक वेळचे मैल, आणि तपासणाऱ्याने दिलेले इशारे दिसतील. 'गंज' हा शब्द तीन वर्षं ओळीने आणि चौथ्या वर्षी एकदम गायब असेल, तर वेल्डिंगची पावती माग. पावती नसेल तर कोणीतरी वरून काळा रंग फासलाय. मालकाला फोन करून सांग की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेव. कोमट लागलं तर चहा घे आणि दोन तास थांब. गार इंजिन चालू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत वरून खडखड आली, बांगड्या हलवल्यासारखी, तर ते टेन्शनर आहेत. तो आवाज फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव, पैसे देऊ नकोस. आवाज आला नाही तर शनिवारी दुपारी तीननंतर गाडी इकडे घेऊन ये, रॅम्प रिकामा असतो.